कॉफी : कडक की कडू?

मराठी माणसाला चांगल्या कॉफीचे वर्णन करायला सांगा. तो एकच शब्द उच्चारील : ‘कडक’. आपल्याकडे चहा कडक, इस्त्री कडक, हेडमास्तर कडक आणि कॉफीही कडकच. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवीत आहे, त्यामुळे हे विशेषणदारिद्र्य मला जरा अधिक बोचते. एरवी चवीच्या बाबतीत आपली भाषा कंजूष नाही. आंबटाला आंबूस, आंबटगोड, आंबटढाण. कडूला कडसर, कडवट, कडूजहर. गोडाला गुळमट आणि गोडमिट्ट. शिवाय तुरट, खमंग, करपट, उग्र, मचूळ हे निराळेच. पण कॉफीचा कप समोर आला की हे सारे भांडार कुलूपबंद!

याचे कारण फार खोल नाही. आपण कॉफीची चव फारशी घेतलेलीच नसते. आपण घेतो ती दुधाची, साखरेची आणि जायफळाची चव. कॉफी असते ती रंगापुरती आणि वासापुरती. हे मी नाक मुरडून म्हणत नाही, बरे का! कोजागिरीला, उपवासाच्या दिवशी किंवा रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यांसमोर वेलची-जायफळाची दाट, गोड कॉफी ठेवण्यात जो जिव्हाळा आहे तो अस्सल मराठी आहे. कॉफीला आपल्याकडे ‘बुंद’ असा स्वतःचा शब्दसुद्धा होता. अरबी ‘बुन्न’चे हे मराठी रूप. जुन्या घरांत ‘बुंददाणे’ आणीत, ते घरी भाजीत आणि कुटीत. पुढे शब्द गेला, त्यामागोमाग भाजणे गेले आणि कुटणेही गेले. राहिला तो डबा.

वाचकहो, ही चर्चा आमच्या घरी निघाली ती काही रसशास्त्राच्या हौसेने नव्हे. अण्णा म्हणजे माझे सासरे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त होऊन त्यांना वीस-बावीस वर्षे झाली. आमच्या माणिकपूरच्या घरात सकाळी सहाला पहिला दिवा लागायचा तो अण्णांच्या कॉफीसाठी. दोन चमचे साखर, अर्धा कप दूध आणि मग वर्तमानपत्राचे मोठ्याने वाचन. अग्रलेखावरच्या त्यांच्या शेऱ्यांसकट. दोन वर्षांपूर्वी रक्ताची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी साखर बंद केली. दूधही बेताने घ्या म्हणाले. चार दिवस अण्णांनी बिनसाखरेची कॉफी नेटाने घेतली. पाचव्या दिवशी त्यांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाले, “सूनबाई, ही कॉफी नाही, हा काढा आहे. उद्यापासून माझ्यासाठी करू नकोस.”

मी म्हटले, एवढेच ना? पण एवढेच नव्हते. अण्णा सहाचे आठला उठू लागले. वर्तमानपत्र घडीच न मोडता पडून राहू लागले. ऐंशीच्या घरातल्या माणसाला सकाळी उठण्याची कारणे मोजकीच असतात. त्यांतले एक आम्ही काढून घेतले होते. ह्यांनी साखरेऐवजी घालायच्या गोळ्या आणून पाहिल्या. “खोट्या साखरेची खोटी कॉफी मला नको,” असा निकाल मिळाला. तेव्हा मी एक प्रश्न मनाशी घेतला : साखरेवाचून प्यावीशी वाटेल आणि तरीही अण्णा जिला ‘कडक’ म्हणतील, अशी कॉफी जगात आहे काय? असल्यास ती मास्तरकीच्या पगारात आणि घराचे हप्ते फेडता फेडता परवडेल काय? ह्यांनी अंदाजपत्रक मंजूर केले ते एकूण पाच हजारांचे, आणि तेही एकदाच.

प्रारंभ आमच्याच डब्यापासून केला. चष्मा लावून पाठीमागची बारीक अक्षरे वाचली : कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि हे प्रमाण डब्यावर छापावे लागते. तेव्हा फसवणूक कोणाची नव्हती. वाचणाराच कोणी नव्हता! म्हणजे अण्णा इतकी वर्षे जवळजवळ निम्मी कॉफी आणि निम्मे मूळ पीत होते. होय, मूळ. चिकोरी ही एक वनस्पती. आपल्याकडे तिची लागवड गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात होते. तिची मुळे वाळवून, भाजून, दळतात. तिच्यात कॅफिन मुळीच नसते. असतो तो काळाभोर रंग, दाटपणा आणि एक लाकडी, कडवट गोडी. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्रजी व्यापाराची कोंडी केली, फ्रान्समध्ये कॉफी मिळेनाशी झाली आणि तेव्हा लोक या मुळाकडे वळले. चिकोरी घातलेल्या कॉफीला ‘फ्रेंच कॉफी’ म्हणतात ते त्यामुळे.

मुंबईकरांना हा फ्रेंच परिचय घडवणारे गृहस्थ होते पेस्तनजी एदलजी दलाल. त्यांनी १८८८ मध्ये, अगदी पोरवयात, मुंबईत कॉफी भाजून-दळून विकण्याचे लहानसे दुकान काढले. घरचे लाडके नाव ‘पॉली’, त्यावरून ‘पोलसन’. पुढे पोलसनचे लोणी इतके गाजले की ‘लोणी लावणे’ याऐवजी ‘पोलसन लावणे’ हा वाक्प्रचार मुंबईच्या बोलीत रुळला. पण या घराण्याची सुरुवात कॉफीची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाची जीभ चिकोरीच्या चवीवर घडली. चिकोरीत दूध आणि साखर घातली की ती झकास लागते. साखर काढून घेतली की उरतो तो काढा. अण्णांचे निदान अचूक होते म्हणायचे.

मग खरी कडक कॉफी कशाने होते? पुष्कळशी भाजण्याने. आणि भाजणे म्हणजे काय, हे मला पुस्तकाच्या आधी शेजारच्या मावशींनी शिकवले. आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती घरांतून एप्रिल-मेच्या उन्हात वर्षाचा मसाला होतो. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, गहू, हरभरे असे कितीतरी जिन्नस निरनिराळे भाजायचे, कुटायचे आणि बाटल्यांत ठासून भरायचे. म्हणून तो ‘बाटली मसाला’. त्या दिवसांत चर्चकडून अंबाडी रोडकडे चालत गेले तर कोणत्या आळीत आज काय भाजले जाते आहे हे डोळे मिटून सांगता येते. मावशी म्हणतात, “धणे डोळ्यांनी नाही भाजायचे, कानांनी आणि नाकाने भाजायचे. तडतड ऐकायची, वास फिरला की उतरवायचे. एक क्षण पुढे गेलात की वर्षभर करपट खायचे.”

कॉफीचे शास्त्र याहून निराळे नाही. कच्चा दाणा हिरवट, टणक आणि जवळजवळ बिनवासाचा असतो. भट्टीत तो पिवळा होतो, मग तपकिरी. दोनशे अंशांच्या आसपास लाह्यांसारखा ठळक तडतडाट होतो. हा पहिला तडका. येथे थांबलात तर फिकट भाजणीची, आंबूस, फळांच्या वासाची कॉफी मिळते. आणखी पुढे, सव्वादोनशेच्या सुमारास, बारीक, चुरचुरता असा दुसरा तडका सुरू होतो. दाण्याचा सांगाडा मोडू लागतो, आतले तेल पृष्ठभागावर येते, आंबटपणा विरतो आणि कडवटपणा चढतो. गडद भाजणीची कॉफी म्हणजे या दुसऱ्या तडक्याच्या अंगणात उतरवलेली. तिथून कोळशापर्यंतचे अंतर अगदी थोडे आहे. कुशल भाजणारा आणि अडाणी भाजणारा यांतला फरक तेवढ्यात ठरतो. गडद भाजलेली कॉफी अधिक ‘जोरदार’ असते, तिने झोप उडते, ही समजूतही खरी नव्हे. कॅफिन भाजणीने फारसे वाढत नाही की घटत नाही. काळेपणा हा चवीचा असतो, ताकदीचा नव्हे.

आता दाणे कोठून आणायचे? अण्णांनीच सुचवले. उमेदीच्या काळात ते माटुंग्याला जाऊन कॉफी पीत. आपल्या महाराष्ट्रात कॉफी पिकते ती अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याच्या डोंगरात, आणि तीही थोडीफार. पण कॉफीचे मराठी मुलुखातले माहेरघर विचाराल तर ते माटुंगाच. दक्षिणेकडून आलेली मंडळी तेथे स्थिरावली आणि त्यांनी सोबत देवळे, फुलबाजार, संगीतसभा आणि कॉफी आणली. एका रविवारी विरार गाडीने दादर, तिथून एक स्टेशन मागे माटुंगा रोड आणि पूल ओलांडून पलीकडे. मैसूर कन्सर्न्ससारख्या तिथल्या दुकानांचा पत्ता विचारावा लागत नाही. वासच वाट दाखवतो. गिऱ्हाइकाला तेथे ठरावीक प्रश्न येतो : चिकोरी किती? मी म्हटले, “शून्य. आणि दळू नका, दाणेच द्या.” विक्रेत्याने मान वर करून पाहिले. साडी नेसलेली मराठी बाई बिनचिकोरीचे दाणे मागते आहे, याचे त्याला नवल वाटले असावे किंवा बरे वाटले असावे. तीन पुड्या घेतल्या : मध्यम भाजणीची, गडद भाजणीची आणि तिसरी अगदी काळी, तेलाने चमचमणारी.

चव घेण्याची पद्धत सोपी आहे, ती येथे देते. तीन सारखे कप घ्यावेत. प्रत्येकात दहा ग्रॅम जाडसर पूड आणि वर १८० मिलिलीटर पाणी. पाणी उकळले की गॅस बंद करून मिनिटभर थांबावे, कारण गडद भाजणीवर खळखळते पाणी ओतले तर ती अधिकच कडू उतरते. चार मिनिटांनी वर जमलेली साय चमच्याने मोडावी आणि तेव्हा नाक कपाला अगदी लावावे. सर्वांत मोलाचा वास त्या क्षणी सुटतो. मग फेस काढून टाकावा, आणखी सात-आठ मिनिटे थांबावे आणि चमच्याने भुरका मारावा. चांगला आवाज करून! भुरक्याने हवा आणि कॉफी मिळून टाळ्यावर फवारा उडतो आणि वास मागच्या बाजूने नाकात शिरतो. लहानपणी आम्हांला चारचौघांत भुरके मारू नयेत म्हणून धपाटे बसले. कॉफीचे परीक्षक मात्र जगभर याच कामाचा पगार घेतात. शेवटचा घोट कॉफी कोमट झाल्यावर घ्यावा. गरमपणात दोष लपतात, कोमटपणात ते बाहेर येतात.

कपांना खालून चिठ्ठ्या चिकटवल्या आणि अण्णांना परीक्षक म्हणून बसवले. ते आधी कुरकुरले, मग चष्मा पुसून बसले. पहिला कप : “आंबूस. चिंचेचे पाणी घातले आहेस की काय?” ही मध्यम भाजणीची. उत्तम कॉफी होती. मला स्वतःला ती फार आवडली, पण परीक्षक मी नव्हते. तिसरा कप, तो तेलकट काळा : “चुलीतला कोळसा. हे असलेच काहीतरी पार्सलच्या धक्क्यावर मिळायचे.” दुसऱ्या कपाशी मात्र ते थांबले. पुन्हा एक भुरका, पुन्हा एक. “कडू आहे,” ते म्हणाले, “पण भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखे. आणि मागाहून काकवी लागते. साखर घातलीस?” साखर घातली नव्हती. ती गडद, पण न जळलेली भाजणी होती. कडूपणा जिभेवर आला आणि रेंगाळत न बसता निघून गेला. अण्णांच्या तोंडी ‘कडक’ हा शब्द दिवसभरात एकदाही आला नाही, हे मी मराठीची प्राध्यापक या नात्याने टिपून ठेवले.

जाता जाता एक सूचना, ज्यांना साखर चालते त्यांच्यासाठी. वसईची सुकेळी ठाऊक असतील. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली, मधाच्या रंगाची. दुधा-साखरेवाचूनच्या गडद कॉफीबरोबर सुकेळ्याचा एक तुकडा खाऊन पाहा. चकलीबरोबरही ही कॉफी छान जमते. मी दोन्ही अण्णांच्या नजरेआड खाल्ली.

पण घोडे पुढेच अडले. पहिले आठ दिवस कॉफी अण्णांच्या पसंतीची झाली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कप पुन्हा दूर सारला. दाणे तेच, पाणी तेच. फरक इतकाच, की आमच्याच्याने रोज दळणे होईना, म्हणून पाव किलो एकदम दळून डब्यात भरून ठेवले होते. भाजलेल्या दाण्याच्या पोटात वायू आणि सुगंध दोन्ही कोंडलेले असतात. अख्खा दाणा ते काही आठवडे सांभाळतो; पूड केली की काही दिवसांतच, आणि त्यातला नाजूक भाग तर काही तासांतच, उडून जातो. परीक्षा पाहायची तर पुडीवर गरम पाणी घालून बघा. ताजी पूड फुगून वर येते, तिला बुडबुडे सुटतात. शिळी पूड चिखलासारखी बसून राहते. साखरेच्या कॉफीत हे झाकून जाते. बिनसाखरेच्या कॉफीला मात्र झाकायला काही नसते. तेव्हा ज्याला साखर वर्ज्य त्याला रोज ताजे दळण हवे, म्हणजेच घरात ग्राइंडर हवा. आमच्या पाच हजारांचा प्रश्न येथे येऊन ठेपला.

“मिक्सर आहे की!” हे म्हणाले. प्रश्न रास्त होता, म्हणून त्याची रीतसर परीक्षा घेतली. चटणीच्या लहान भांड्यात वीस ग्रॅम दाणे घालून, थांबत थांबत पाच वेळा फिरवले. निघालेली पूड आधी चहाच्या गाळणीतून आणि मग मैद्याच्या चाळणीतून चाळली. खाली मैदा, मध्ये रवा आणि गाळणीवर दाण्याचे मोठाले तुकडे! मिक्सरचे पाते दळत नाही, ते सपासप मारत सुटते. ज्याला बसला त्याला बसला. भाजीत बटाट्याच्या फोडी लहानमोठ्या चिरल्या तर काहींचा लगदा होतो आणि काही टचटचीत राहतात, तसेच येथे. मैद्याइतक्या बारीक कणांतून पाणी सारा कडूपणा ओढून घेते, जाड तुकडे आंबट आणि कच्चे राहतात, आणि एकाच कपात दोन्ही दोष नांदतात. शिवाय आमच्या त्या भांड्याचा लसणाशी जुना स्नेह. कॉफीला लसणाचा वास येतो हे अण्णांनी पहिल्याच घोटात सांगितले.

मिक्सर आणि खरा ग्राइंडर यांतला फरक समजावून घ्यायला मराठी माणसाला परकी उपमा नको. आपल्याकडे जाते होते. जात्यात दोन दगड. दाणा त्यांच्या फटीत शिरतो, फटीएवढा बारीक होईपर्यंत आतच राहतो आणि तेवढा झाला की पाळीवर येतो. डाळ भरडायची तर वरचा दगड थोडा उचलून धरायचा, पीठ हवे तर खाली बसवायचा. दगड गुळगुळीत झाले की टाकी लावून घ्यायची. कॉफीच्या चांगल्या ग्राइंडरात नेमके हेच आहे : दगडांऐवजी दातेरी शंकू आणि त्याभोवती दातेरी कडे, आणि फट कमी-जास्त करायला एक चाकी. फ्रान्सची पजो मंडळी आज मोटारींसाठी प्रसिद्ध आहेत, पण त्यांनी १८४० पासून कॉफीच्या हातचक्क्या बनवल्या. मोटार आली ती पुढे कितीतरी वर्षांनी. माटुंग्याच्या जुन्या बिऱ्हाडांत टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायची बिडाची चक्की असे. अण्णांनी ती आपल्या एका सहकाऱ्याच्या घरी पाहिली होती आणि फिरवलीही होती. अजून अशी चक्की जुन्या बाजारात कुठे दिसली आणि तिचे दाते शाबूत असले तर जरूर घ्या.

विजेचे दातेरी ग्राइंडर मी पाहिले. बरे म्हणावेत असे सगळे आमच्या अंदाजपत्रकाच्या पलीकडे होते, आणि पहाटे सहाला त्यांची घरघर ऐकून वरच्या मजल्यावरून निरोप आला असता तो निराळाच. उरल्या हातचक्क्या. एका सहकारी बाईंकडे पंधराशेच्या आतबाहेरची, चिनी मातीच्या दात्यांची होती. एका माजी विद्यार्थ्याकडे साडेचार हजारांची, पोलादी दात्यांची. दोन्ही आठवडाभर घरी आणल्या आणि शेजारी शेजारी ठेवून चालवल्या. त्यातून जे कळले ते सांगते.

पहिली गोष्ट आसाची. चक्कीचा दांडा धरून आडवा हलवून पाहा. मधला शंकू डुगडुगला तर दाते कितीही उत्तम असोत, फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होणार; पूड मिक्सरसारखीच निघणार. स्वस्त चक्कीचा आस एकाच ठिकाणी, प्लॅस्टिकच्या बुचात धरलेला होता. महागाचा दोन ठिकाणी, बेअरिंगमध्ये. तीन हजारांच्या फरकातला मोठा हिस्सा या बेअरिंगांचा आहे असे माझे मत झाले. दात्यांचे म्हणाल तर, चिनी मातीचे झिजत नाहीत पण एखादा खडा आला की टवका उडतो. पोलादी दाते दाणा चुरडण्याऐवजी कापतात आणि पूड एकसारखी येते. पांढऱ्या कागदावर दोन्हींची चिमूटभर पसरून पाहिली. पोलादीची बारीक रव्यासारखी होती, चिनी मातीची रवा-मैदा मिसळल्यासारखी.

पण येथे एक गंमत आहे आणि ती काटकसरी गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडणारी आहे. गडद भाजलेला दाणा ठिसूळ असतो. फिकट भाजणीचा दाणा दळताना मनगट भरून येते आणि चक्की कुरकुरते. गडद दाणा शेंगदाण्याच्या कुटासारखा मोडतो. त्यातून आपण करणार स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरची कॉफी. पंचवीस-तीस हजारांच्या ग्राइंडरांची जी कौतुके ऐकू येतात ती एस्प्रेसोच्या यंत्रासाठी किंवा फिकट भाजणीच्या नाजूक चवीसाठी असतात. आपल्या फिल्टरला तेवढे सोवळे लागत नाही. पंधराशेची चक्कीही, आस घट्ट असेल तर, मिक्सरहून शंभर पटींनी बरी. मात्र गडद दाण्याची भुकटी जास्त पडते आणि तेल दात्यांना चिकटते, म्हणून जी चक्की हत्यारांवाचून उघडते आणि झाडून पुन्हा तशीच बसते तीच घ्यावी. जी उघडायला पेचकस लागतो ती कोणी झाडत नाही, आणि तेल खवट झाले की ताज्या दाण्यालाही शिळा वास येतो. दांडा लांब असावा, त्याने जोर कमी लागतो. चाकीला टिकटिक असे खटके असावेत, म्हणजे कालचे माप आज मोजून लावता येते.

आम्ही पोलादी घेतली. फिल्टरसाठी माप बारीक रव्याइतके. वीस ग्रॅम पूड, हलक्या हाताने दाबायची, १४० मिलिलीटर पाणी. चिकोरी पाणी धरून ठेवते; ती नसली की अर्क भराभर गळतो आणि पातळ होतो. तेव्हा बिनचिकोरीची पूड नेहमीपेक्षा एक-दोन खटके बारीक दळावी. पंधरा-वीस मिनिटांत अर्क उतरला तर माप जमले. तासभर लागला तर पूड फार बारीक, पाच मिनिटांत सारे खाली आले तर फार जाड.

दळण्याचे काम अण्णांनी स्वतःकडे घेतले आहे. “तुझ्या हाताला वेग नाही,” म्हणाले. वीस ग्रॅमला नव्वद-पंच्याण्णव फेरे लागतात. ते मोजतात आणि कमी-जास्त झाले तर त्याची कारणमीमांसा करतात. डॉक्टरांनी दोन कपांची परवानगी दिली आहे, बिनसाखरेच्या आणि दूध नावाला. सकाळी सहाला चक्कीची खरखर सुरू होते, साडेसहाला अग्रलेखाचे वाचन. पहिल्या सहा महिन्यांत साखरेची आठवण निघत असे. आता पाहुण्यांनी साखर मागितली तर अण्णा बरणी पुढे करतात खरे, पण चेहरा असा करतात की पाहुणा अर्ध्या चमच्यावर थांबतो.

पावसाळ्यापुरती एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या वसईच्या हवेत जूनपासून मीठसुद्धा वाहते. पूड हवेतले पाणी पिते आणि तिचा गोळा होतो. दाणे त्या मानाने तग धरतात, पण तेही उघडे ठेवू नयेत. एका वेळी पाव किलोच आणावे, घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून दूर ठेवावे. फ्रिजमध्ये ठेवू नये; डबा बाहेर काढला की दाण्यांना घाम येतो आणि शेजारच्या आमटीचा वास लागतो तो वेगळाच. चक्की पाण्याने धुऊ नये, पोलाद गंजते. ती साफ करायला तांदूळ दळा असे कोणी सांगतील. कच्चा तांदूळ कॉफीच्या दाण्यापेक्षा टणक, दात्यांची धार मारतो. दर रविवारी उघडून कोरड्या ब्रशाने झाडली की पुरे. ब्रश विकत घेण्याचे कारण नाही. अण्णांनी दाढीचा जुना ब्रश स्वच्छ धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून या कामी लावला आहे, आणि दाढीसाठी माझ्या पैशांनी नवा आणवला आहे.